एक घ्यायचं, एक ठेवायचं

"जशी नेतोयस तशीच परत आण," ताई दारातून म्हणाली. चेष्टाच होती, पण अर्धी. मागच्या वेळी मामाबरोबर गेलेली चिंगी गुडघा फोडून घरी आली होती, आणि त्यानंतर आज कुठे ताईने तिला पुन्हा त्याच्या हवाली केलं होतं. आज काही झालं तर भाची कायमची बंद, हे मामाला ठाऊक होतं. तो दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांना 'आ करा' म्हणून दमलेल्या त्या माणसाला एवढा एकच विरंगुळा होता.

खेळ नवा होता, जिओकॅशिंग. कुणीतरी डबा लपवून त्याचा ठावठिकाणा मोबाइलवर टाकायचा, इतरांनी तो हुडकायचा. सापडला की आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची.

पाणथळ उद्यानाच्या फाटकावर रखवालदाराने बजावलं, "अंधार पडला की कुलूप. मग कुणी कितीही ओरडो."

आत माणसाहून उंच लव्हाळी, मधून ओल्या फळ्यांची पायवाट, चिखलाचा कुजका वास. चिंगीने सफरचंदाचा चावा घेतला आणि खालचा, समोरचा, बरेच दिवस हलणारा दात थेट तिच्या तळहातावर आला. मामाने तिथेच तोंड तपासलं. खिंड स्वच्छ होती, रक्त नावाला. चिंगीला तर खेळणंच मिळालं. खिंडीतून हवा सोडून ती शिट्टी वाजवत सुटली.

"आईला सांगायचं नाही हं! घरी गेल्यावर मीच दाखवणार."

डबा एका फळीखाली सापडला. भोवती सगळं ओलंगच्च, पण आत कोरडा ठणठणीत. त्यात एकच निळी गोटी. चिंगीने ती उचलली. मामा बदल्यात काय ठेवावं म्हणून खिसे चाचपत होता, तोवर तिने दात आत टाकून झाकण लावलंही.

"अगं, दात कशाला?"

"माझाच आहे ना!"

परतताना ती पुढे पळाली, वळणाआड गेली. फळ्यांवरची धडधड एकदम थांबली.

"चिंगे?"

पाखरंसुद्धा गप्प झाली होती. तो घसरत, सावरत धावला. वळणापलीकडे ती पाठमोरी उभी होती.

"जीव घेतेस का माझा?"

तिने नुसता हात पुढे केला. हात गार होता.

फाटकापाशी मागून, लांबून शिट्टी ऐकू आली. बारीक, हवा जास्त आणि सूर कमी.

"पक्षी आहे, मामा," ती ओठ जेमतेम हलवत म्हणाली.

मामाला ते पटलं. खरं तर त्याने पटवून घेतलं. रखवालदार कुलूप घेऊन ताटकळत होता.

घरी ताईने तिचे गुडघे पाहिले, कोपरं पाहिली. "वा! जशी नेलीस तशी आणलीस. आणि त्या हलणाऱ्या दाताचं काय गं? आ कर बघू."

तिने आ केला.

मामाने वाकून पाहिलं. मग सवयीने बोट लावलं.

खिंड नव्हती. दात जागेवर होता. हलतही नव्हता.

"अगंबाई, घट्ट बसला की!" ताई हसली.

मामाला ती शिट्टी आठवली. त्याने गाडीची किल्ली उचलली. खिडकीबाहेर काळोख झाला होता.

"अरे, लगेच कुठे निघालास?" ताईने विचारलं.

उत्तर चिंगीने दिलं.

"आता फाटक बंद झालं असेल, मामा."