माळवाडीतला काळोखा मनोरा

माझी बायको केतकी कामावर कोसळल्याचं आम्हाला सोमवारी दुपारी फोनवर कळलं. ती लिफ्ट दुरुस्त करायची. चौफाट्यावरच्या एका मनोऱ्यात, अगदी वरच्या मजल्यावर काम करता करता तिचं हृदय बंद पडलं. आमचं घर माळवाडीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

माझी नात साजिरी तेव्हा रडली नाही. काही दिवसांनी जेवताना तिने हातातला घास परत ताटात ठेवला.

"आबा, उंच इमारती सगळ्या चौफाट्यावरच का? इथे एक जरी असती तरी आजी इथेच कामाला असती. आपण धावत गेलो असतो."

मी आयुष्यभर शहराचे नकाशे केले. उत्तर मला माहीत होतं.

"गुंड्याला शहर मांडायला सांग," मी म्हणालो.

गुंड्या हा आमच्या घरातला यंत्रमानव. त्याच्या गोल पोटाकडे बघून हे नाव केतकीनेच ठेवलं होतं. त्या पोटातून तो फरशीवर प्रकाशाची प्रतिकृती (खऱ्या वस्तूचा छोटा नमुना) उमटवतो. रस्ते, रेल्वे, घरं दिसू लागली. प्रत्येक माणूस म्हणजे एक उजळ ठिपका.

"आता उंच इमारती पुसून टाक," मी गुंड्याला सांगितलं. "साजिरी, तुला हवा तिथे मनोरा ठेव."

तिने आमच्या घराला अगदी लागून साठ मजली मनोरा ठेवला.

"चालव!"

ठिपके घरांतून निघाले आणि चौफाट्याकडे गेले. तिथे मनोरे नव्हते, तरी गेले. आमच्याकडचा मनोरा काळोखातच राहिला.

"अरे, ढकल ना त्यांना इकडे!"

"माणसं ढकलता येत नाहीत, ताई," गुंड्या म्हणाला. "आजी मला ढकलायच्या, पण ते केर काढताना."

साजिरी हसली.

"चौफाट्यावर काय आहे?" मी तिला विचारलं.

"रेल्वेचे दोन मार्ग एकमेकांना छेदतात."

"म्हणजे चारही बाजूंच्या लोकांना तिथे गाडी न बदलता पोचता येतं. याला सुगम्यता म्हणतात (एखाद्या जागी किती लोक किती सहज पोचू शकतात ते). दुकान, बँक, दवाखाना, सगळ्यांना अशी जागा हवी असते. आता सांग, लिफ्टचे सुटे भाग विकणारा कुठे दुकान टाकेल?"

"जिथे खूप लिफ्ट आहेत तिथे."

"आणि सुटे भाग तिथे मिळतात म्हणून आजीची कंपनीही तिथेच. एकाच्या जवळ दुसरा येतो, कारण जवळ असण्यात दोघांचा फायदा असतो. याला समूहन म्हणतात (फायद्यासाठी एका ठिकाणी गोळा होणं)."

"पण जागा तर तेवढीच आहे."

"म्हणून तिचा भाव चढतो. गुंड्या, दाखव." चौफाट्याची जमीन लालभडक झाली. "आता वर जाणं स्वस्त असतं का?"

साजिरी आठवू लागली. "नाही. आजी म्हणायची, मजले वाढले की लिफ्ट वाढतात आणि लिफ्टच खोल्यांची जागा गिळतात."

"शिवाय पाया भक्कम लागतो, पाणी वर चढवावं लागतं. जमीन स्वस्त असेल तर माणसं आडवी पसरतात. जमीन फार महाग असेल तरच वर चढणं परवडतं, कारण तिचा खर्च सगळ्या मजल्यांत वाटला जातो. कुठे विमानतळामुळे उंचीवर बंदी असते, कुठे जमीन भुसभुशीत असते. त्याने फरक पडतो, पण मुख्य कारण हेच."

साजिरी फरशीवर उकिडवी बसली. "म्हणजे मी उलटं केलं. मनोरा ठेवून माणसांची वाट बघत बसले."

तिने मनोरा बोटाने पुसला. मग माळवाडीच्या एकुलत्या एका मार्गाला छेदणारा नवा मार्ग आखला. "चालव."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग काही ठिपके आमच्याकडे थांबले. आणखी काही आले. एक चार मजली इमारत उभी राहिली, मग तिच्याशेजारी एक आठ मजली. खिडक्यांत उजेड आला.

"गुंड्या, याला किती वर्षं लागली?"

"वीस, ताई."

ती बघत राहिली. "म्हणजे आजी तरुण होती तेव्हाच हा मार्ग करायला हवा होता."

आणि तेव्हा ती रडली. मी तिला जवळ घेतलं. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. गुंड्याने स्वतःहून शहराचा उजेड मंद केला.

जरा वेळाने बाहीला नाक पुसत ती म्हणाली, "आजी इथे कामाला असती तरी तिला न्यायला दवाखाना कुठे होता? इथे आधी दवाखाना यायला हवा. त्यालाही वीस वर्षं थांबायचं?"

"नाही," मी म्हणालो. "दवाखाना कुठे हवा हे जमिनीच्या भावावर सोडायचं नसतं. ते शहराने ठरवायचं असतं. मागितलं तर लवकर होऊ शकतं."

"मग मी मागणार," ती म्हणाली आणि ताटातला गार भात खाऊ लागली.

माळवाडीत अजून दवाखाना नाही. दुसऱ्या मार्गाचे रूळही पडलेले नाहीत. केतकीची हत्यारांची पिशवी चौफाट्यावरून परत आली, ती दाराशीच आहे. मी ती अजून उघडलेली नाही.