जांभळी रेघ

जुनी गाडी बघायला गेलं की मिस्त्री मालकाशी गोडगोड बोलत बसत नसे, थेट गाडीखाली घुसत असे. वरून कुठलीही गाडी नवरीसारखी नटवता येते, खाली मात्र सोंग चालत नाही, असं त्याचं मत होतं.

आजची गाडी नटलेली नव्हतीच. पत्र्याच्या शेडमध्ये तीस वर्षं विटांवर चढवून ठेवलेली, काचांवर धुळीचा थर. एके काळी शर्यतीत भल्याभल्यांना पाणी पाजलेली, दोन दारांची. ती पुन्हा उभी करायची आणि शर्यतीत स्वतः चालवायची, या हट्टापायी लेकीने वर्षभर त्याचं डोकं खाल्लं होतं, आणि आज ती सोबतच आली होती. पंचवीस वर्षांची झाली तरी बिनआईच्या त्या पोरीला नाही म्हणणं त्याला अजून जमत नव्हतं.

"आमचे हे गेल्यापासून हिला कुणाचा हात लागलेला नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

"लागला असेल तर कळेलच," म्हणत मिस्त्री टॉर्च घेऊन पाठीवर सरपटत खाली गेला.

पत्रा शाबूत होता. गंज होता, पण वरवरचा. मिस्त्री मनातून खूश झाला. मग पुढच्या चाकाजवळच्या एका बोल्टवर त्याला जांभळी रेघ दिसली.

बोल्ट आवळून झाला की त्यावरून शेजारच्या लोखंडावर एक सलग रेघ ओढायची, ही त्याची सवय. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. लेक सहा वर्षांची असताना तिने आपली जांभळ्या नेलपॉलिशची बाटली त्याला देऊन टाकली होती. तेव्हापासून रंग तोच. रेघेच्या शेवटी त्याच्या हाताला नेहमी एक बारीक हिसका बसे.

इथेही तो हिसका होता.

त्याने फडक्याने दुसरा बोल्ट पुसला. मग तिसरा. जिथे पुसावं तिथे धुळीखाली त्याचीच रेघ. ही गाडी इथे आली तेव्हा लेकीचा जन्मही झाला नव्हता.

"बाई, हिचं काम कुणी केलं होतं?" त्याने खालूनच विचारलं.

"काम कसलं? कंपनीतून आली तशीच आहे हो."

स्टीअरिंगच्या बोल्टवरची रेघ तुटलेली होती.

मिस्त्रीने पाना उचलला. होता नव्हता तेवढा जोर लावून त्याने तो बोल्ट आवळला आणि खिशातली बाटली काढून नवी रेघ ओढली. सवयच ती. मग त्याने ठरवलं, ही गाडी घ्यायची नाही. सांगाडा सडलाय म्हणून सांगायचं. असं खोटं तो आजवर गिऱ्हाइकाशीही बोलला नव्हता.

तो बाहेर आला तेव्हा लेक स्टीअरिंगमागे बसली होती. किल्ली तिच्या बोटात गरगर फिरत होती.

"ठरलं बाबा, गाडी आपली! मी मघाशी वाकून पाहिलं ना. सगळीकडे तुझ्या रेघा! तू रेघ ओढलीस म्हणजे प्रश्नच मिटला."

"उतर."

"अरे, पण झालं काय?"

"आधी खाली उतर!"

त्याला धीर निघेना. तो पुन्हा जमिनीवर आडवा झाला आणि टॉर्च आत धरला.

रेघ मधोमध तुटली होती.

त्याने बोट लावून पाहिलं. रंग अजून ओला होता.