ज्याला काहीच नको तो प्रमुख

"साठ्ये सर, सात नंबरच्या घुमटात लोकांना बसल्याबसल्या धाप लागतेय. आठ दिवसांत पाच प्रमुख बदलले, फिल्टरच्या फाईलवर एकाचाही शिक्का नाही."

चंद्रावरच्या त्या वसाहतीत हवा सांभाळायचं काम केतकी धायगुडेचं. लालसामापक बनवणाऱ्या साठ्येंच्या लॅबमध्ये ती तिसऱ्यांदा डोकं आपटायला आली होती.

साठ्ये शांतपणे म्हणाले, "माणसाच्या मनात हाव असतेच, हे जुन्या ग्रीकांना माहीत होतं. म्हणून त्यांच्यातला एक म्हणाला, ज्याला राज्य करायची हौस नाही त्याच्याच हाती राज्य द्या. त्यांना ते मोजता येत नव्हतं, आपल्याला येतं. कानामागच्या चिपवर ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तो प्रमुख. दहाच्या वर गेला की शिक्का बंद, खुर्ची दुसऱ्याला."

"पण फाईल वाचली की माणसाला वाटतंच ना, हे झालं पाहिजे? तिथेच आकडा चढतो."

"चढणारच. आपलं म्हणणं चार हजार लोकांवर चालावं, हीच लालसा."

"लोकांनी श्वास घ्यावा असं वाटणं पण लालसा?"

"मेंदूत दोन्ही एकाच जागी पेटतं. मापकाला हेतू दिसत नाही, बाई."

तिने अजून दोन अर्ज केले. दोन प्रमुख गेले. मग एका दुपारी ती खोलीत आडवी पडली. मरू दे फिल्टर, मरू दे वसाहत. तिला खरंच काही वाटेना.

तासाभरात दार वाजलं. प्रमुखांच्या कचेरीतले हेडक्लार्क काळसेकर उभे होते.

"चला मॅडम. सगळ्यात कमी आकडा तुमचा. दीड."

खुर्चीत बसल्यावर तिला फिल्टर आठवला आणि शिक्क्यावर दिसणारा तिचा आकडा सातवर गेला. काळसेकरांनी घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"त्याचा विचार करू नका. इथे टिकायची एकच रीत आहे. वाचायचं नाही. मी पानं उलटतो, तुम्ही शिक्क्यावर बोट ठेवा."

"पण फिल्टर..."

"गठ्ठ्यात आहे. कुठे ते विचारू नका. लहानपणीचे पाढे म्हणा."

एकोणतीसच्या पाढ्यात तिने त्रेचाळीस शिक्के मारले. आकडा चारवर आला.

दुसऱ्या दिवशी सात नंबरला नवा फिल्टर बसला. एक म्हातारी दारात बसून सावकाश श्वास घेत होती. केतकीच्या डोळ्यात पाणी आलं. परतताना तिने फलकावर स्वतःच्या शिक्क्याचा आदेश पाहिला. यापुढे प्रमुखांसमोर कोणती फाईल जाईल आणि कोणती नाही, हे फक्त हेडक्लार्क ठरवतील.

ती तडक कचेरीत गेली.

"काका, हा आदेश गठ्ठ्यात कोणी घातला?"

"मी. आधीही मीच ठरवायचो. आता कागदावर आलं, एवढंच."

"तुमचा आकडा किती आहे?"

"मला चिपच नाही. कचेरीतल्या कारकुनाला निर्णयाचा अधिकार नसतो ना, मग मोजायचं काय?"

"मी हा आदेश रद्द करतेय. आत्ता."

तिने शिक्क्यावर बोट टेकवलं. दिवा लाल झाला. चौदा.

काळसेकरांनी शिक्का तिच्या हातातून अलगद काढून घेतला, रुमालाने पुसला.

"बसा, चहा घेऊन जा. नवीन साहेब निघालेत. फार सज्जन माणूस. त्यांनाही काही नकोय."