खालच्या गल्लीचं पाणी

"चार वाजता आमच्या ह्यांना पोलिसांच्या हवाली करणार आहेत," उंबरा ओलांडता ओलांडताच ती बाई म्हणाली. "आणि पोरगी तिकडे दवाखान्यात सलाइनवर. मी कुणाकुणाकडे बघू?"

जावयाच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. सासूबाईंनी मात्र कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. चष्मा नाकावर आला की जेवणाची वेळ टळणार, हे जावयाला पाच वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. आत्ता साडेअकरा वाजले होते.

सासूबाईंनी तीस वर्षं दुकानदारांची वजनंमापं तपासली. निवृत्त झाल्या आणि दारावर 'खासगी तपास' अशी पाटी ठोकली. जावई स्कूटर चालवायचा, टिपणं काढायचा आणि न चुकता भलत्याच माणसावर संशय घ्यायचा.

बाई वस्तीच्या पंपवाल्याची बायको होती. टाकीत पाणी चढवणं, त्यात जंतू मारायची पावडर टाकणं आणि सकाळी सहा ते आठ नळ सोडणं, हे तिच्या नवऱ्याचं काम. गुरुवारपासून खालच्या गल्लीत उलट्या-जुलाब सुरू झाले. अकरा घरं अंथरुणाला खिळली, त्यात तिचंही घर होतं. काल, शुक्रवारी, पाणी समितीच्या सचिवांनी पंपघर तपासलं. नवऱ्याच्या कपाटात पावडरचं अर्धं, उघड्या तोंडाचं पोतं सापडलं.

"सचिव म्हणतात, तीन महिने यानं पावडर टाकलीच नाही, विकायला लपवून ठेवली. अहो, आमची पोरगीही तेच पाणी पिते! कुठला बाप असं करेल?"

"वरच्या गल्लीत कोणी आजारी?"

"एकही नाही. खालच्या गल्लीत फक्त दोन घरं ठणठणीत. एक सचिवांचं, अगदी तोंडाशी. दुसरं भांडकुदळ आजीचं, अगदी शेवटचं."

"आजी काय वेगळं करते?"

"ती कुणाचं ऐकते होय? नळ आला की पहिली कळशी गटारात ओतते. पूर्वी आम्हीही ओतायचो. पण महिन्यापूर्वी सचिवांनी पाटी लावली, पहिलं पाणी वाया घालवू नका म्हणून. आम्ही ऐकलं. बुधवारी तर पाणी जरा पिवळट होतं, तरी फडक्यानं गाळून भरलं."

सासूबाई उठल्याच. "जावईबापू, स्कूटर काढा. चहा वाटेत आठवा."

पंपघराच्या दाराशी समितीचा एक माणूस पहारा देत होता. पंपवाला आत स्टुलावर बसला होता. दोन दिवसांत माणूस निम्मा झाला होता.

"पावडर कुठं ठेवता?"

त्यानं शेजारची कोठडी दाखवली. दार उघडताच जावयाच्या डोळ्यांतून पाणी आलं. बादलीची कडी गंजून कागदासारखी झाली होती. बिजागऱ्या लाल पडल्या होत्या.

"इथं कुलूप सहा महिने टिकत नाही," पंपवाला म्हणाला. "पावडर लोखंड खाते."

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक सचिवांकडे. कपाटाच्याही तशाच."

कपाट पलीकडच्या मोटरच्या खोलीत होतं, लोखंडी. सासूबाईंनी त्याच्या खालच्या फळीवरून बोट फिरवलं. फळी चकचकीत होती. वर टांगलेला खाकी शर्ट त्यांनी हुंगला आणि जावयाच्या नाकाशी धरला.

"घामाचा वास," जावई नाक मुरडून म्हणाला.

"फक्त घामाचा. लिहून घ्या."

"पाणी तपासता की नाही?" त्यांनी पंपवाल्याला विचारलं.

"रोज सात वाजता, खालच्याच गल्लीत. पेल्यातल्या नमुन्यात तपासणीचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, म्हणजे पावडर आहे. बुधवारीही झालं. लोक आजारी पडल्यावर मी पावडर दुप्पट केली. आता सगळ्या वस्तीच्या नळाला औषधाचा भपकारा येतो. लोक त्यावरूनही शिव्या देतात."

बाहेर येताच जावई कुजबुजला, "आई, मला कॅनवाल्याचा संशय येतो. पाणी बिघडलं की त्याची चांदी!"

"चला, चांदी बघू."

बाटलीबंद पाण्याचे मोठे कॅन विकणारा माणूस घामाघूम होऊन टेंपो भरत होता. "माझ्यावर संशय? कालपासून पाठ मोडली माझी! त्याआधी या वस्तीत कोण घेत होतं कॅन? मंगळवारी संध्याकाळी एकच गेला, सतरा नंबर रंगवलेला कॅन. तोही अजून परत आलेला नाही."

"कुणाकडे?"

"गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही. धंद्याचं पथ्य आहे."

सासूबाई खुशीत हसल्या. का, ते जावयाला कळलं नाही.

सचिवांचं घर म्हणजे गुलाबांची जत्रा होती. चाळीस कुंड्या आणि भिंतीवर बक्षिसांच्या ढाली. बागेच्या नळाशी शेणखताच्या पाण्याचं मोठं पिंप उभं होतं. काठाच्या जरा खाली वाळलेला काळा पट्टा, पाणी मात्र अगदी तळाला.

"बसा, बसा," सचिव म्हणाले. "दुर्दैवी प्रकार. पण चोर तो चोरच."

त्यांनी स्वतः पाणी आणलं. उन्हातून आलेल्या जावयानं तीन पेले घशाखाली उतरवले. "वा! काय गोड पाणी आहे!"

"नळाचंच. जे लोकांना, तेच मला. विकतचं पाणी या घरात कधी आलं नाही."

"आणि बागेला पाणी?" सासूबाईंनी विचारलं. "पाइपनं?"

"छे, झारीनं. माझा नेमच आहे."

झारी पायरीवर होती. तिच्या तोंडावर कोळ्यानं छान जाळं विणलं होतं. नळाच्या तोटीला पाइप आवळायची पट्टी होती, पाइप नव्हता.

चार वाजता समितीचं सभागृह भरलं होतं. पंपवाल्याला पुढे बसवलं होतं, शेजारी पोलीस जमादार आणि मागच्या रांगेत कॅनवालाही होता. पंपवाल्याची बायको दाराशी उभी होती. फोन तिनं मुठीत घट्ट धरला होता.

"आधी पोत्याचं बघू," सासूबाई म्हणाल्या. "पावडर लोखंड खाते. ज्या कोठडीत ती असते, तिथली बादलीची कडी गळायला आली आहे. मग तोंड उघडं असलेलं अर्धं पोतं तीन महिने लोखंडी कपाटात होतं, तर फळी चकचकीत कशी? शर्टाला वास का नाही? पोतं तिथं काल-परवा ठेवलंय. किल्ल्या दोघांकडे. स्वतःला अडकवायला पंपवाल्यानं ते ठेवलं नसणार."

सभेत कुजबुज झाली.

"मग पाणी बिघडलं कसं?" सचिव ओरडले.

"डब्यातलं रॉकेल नळीनं काढलंय कधी? एक टोक वर बुडवलेलं, दुसरं खाली. एकदा ओढ लागली की डबा आपोआप रिकामा होतो. मंगळवारी एका घरात नळाचा पाइप शेणखताच्या पिंपात बुडलेला राहिला. आठला पाणी बंद झालं. उताराच्या घरांचे नळ उघडे होते. लाइन रिकामी होताना तिनं पिंपातली घाण ओढून घेतली. बुधवारी सहाला तीच घाण पहिल्या पाण्याबरोबर खालच्या घरांत गेली. सातला पंपवाल्यानं तपासलं तेव्हा मागून चांगलं पाणी आलं होतं. पहिली कळशी ओतणारी आजी म्हणूनच वाचली."

"माझ्याकडे पाइपच नाही! मी झारीनं–"

"झारीत कोळी राहतो. मग पट्ट्यापर्यंत भरलेलं पिंप तळाला कसं गेलं? आणि आज सगळ्या वस्तीच्या पाण्याला औषधाचा भपकारा येतो. आमच्या जावईबापूंना तुमचं पाणी गोड लागलं. तीन पेले!"

जावई लाजला, पण त्याची मान ताठ झाली. जन्मात पहिल्यांदाच त्याची तहान पुरावा झाली होती.

"कालपासून सगळेच कॅन घेतायत," सचिव पुटपुटले. "मीही घेतला. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

"कालच घेतलात?" सासूबाई कॅनवाल्याकडे वळल्या. "तुमचं पथ्य मोडू नका. नाव सांगायचं नाही. फक्त सतरा नंबरचा कॅन ज्यांच्याकडे राहिलाय, त्यांच्याकडून परत मागा."

कॅनवाल्यानं डोकं खाजवलं. मग तो सचिवांपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, रिकामा झाला असेल तर देता का?"

सगळ्या माना सचिवांकडे वळल्या.

"मंगळवारी संध्याकाळी," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा वस्तीत एकही माणूस आजारी नव्हता. पाणी बिघडणार हे एकालाच माहीत होतं."

सचिव खाली बसले. "बक्षिसाचे गुलाब... नाव गेलं असतं. मला वाटलं, थोडंसंच गेलं असेल. कुणाला काही होणार नाही."

पंपवाल्याची बायको गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिचा आवाज चढला नाही.

"काही होणार नाही असं वाटत होतं, तर स्वतःसाठी कॅन कशाला मागवलात? आख्खी रात्र होती तुमच्याकडे. माझं दार वीस पावलांवर आहे. एक हाक मारायची होती."

जमादारानं सचिवांच्या खांद्यावर हात ठेवला.

पंपवाल्याचे हात लोक धरू लागले. कालपर्यंत शिव्या देणारेही त्यात होते. तो हात सोडवून घेत म्हणाला, "नंतर. आधी लाइन धुवायला हवी. सगळे नळ उघडा." आणि तो पंपघराकडे निघालाही.

तेवढ्यात बायकोच्या मुठीतला फोन वाजला. तिनं ऐकलं आणि दारातूनच हाक मारली, "अहो, थांबा! उठून बसलीय ती. पाणी मागतेय."

दोन दिवस शिव्या खाऊनही ज्यानं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, तो माणूस भर रस्त्यात मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला.