बदकं यायच्या आधी तेर्नहोल्मला

एप्रिल उजाडला होता आणि तेर्नहोल्म बेटावरची बदकांची घरं अजून तशीच पडली होती. काम सांगायला सोपं. समुद्र ओलांडून बेटावर जायचं, दगडांच्या न् फळकुटांच्या त्या बुटक्या घरांतली जुनी घाण काढायची, वाळलेलं समुद्री शेवाळ अंथरायचं आणि आयडर बदकं किनाऱ्याला लागायच्या आत सगळं आटपायचं. माद्या त्या शेवाळावर आपल्या छातीची पिसं उपटून घरटं करतात, पिल्लं घेऊन निघून गेल्या की ती पिसं माणसाची. पण आयडर बदक म्हणजे मोठं मानी पाहुणं. एका वर्षी घर झाडलेलं दिसलं नाही की पुढल्या वर्षी ते तोंड दाखवत नाही. योरुनच्या घराण्यानं हा पाहुणचार आजवर कधी चुकवला नव्हता. आता चुकलाच तर तो आपल्या हातून चुकणार, या काळजीनं पन्नाशीच्या त्या बाईला अन्न गोड लागेना.

अडलं होतं ते बोटीवाचून. गावातल्या झाडून साऱ्या बोटी कॉडच्या मासेमारीला उत्तरेकडे गेलेल्या. घरची म्हणाल, तर वडिलांच्या माघारी उरलेली ती एकुलती बोट तिच्या धाकट्या भावानं, आयलिफनं, हिवाळ्याच्या तोंडावर परस्पर विकून टाकली होती. आयलिफ शहरात राहणारा. त्याचं म्हणणं, बोट नुसती कुजत होती. योरुनचं म्हणणं काय ते कुणालाच कळलं नाही, कारण त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

अशा वेळी गावात एकच दार ठोठावायचं, ते हेर्दिसचं. साठी उलटलेली ही बाई गावच्या शाळेत कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची निमुळती बंद होडी, चालवायला शिकवायची. अर्ध्या गावाला तिनं बुडता बुडता वल्हं धरायला शिकवलेलं. योरुनचं ऐकून घेऊन ती म्हणाली, बोट नसेना, तीन कयाक आहेत, त्यांच्या पोटात शेवाळाची पोती ठासून भरू आणि जाऊ. तिसरा माणूस कोण, हे मात्र तिनं सांगितलं नाही. निघायच्या सकाळी योरुन धक्क्यावर येऊन बघते तर आयलिफ पोती बांधत उभा! तिनं हेर्दिसकडे रागानं पाहिलं. हेर्दिसनं शांतपणे सांगितलं की पाण्यावर अबोला धरायला माझी हरकत नाही, फक्त नियम माझे चालतील.

नियम असे. अंगाला लोकर, लोकरीवर ड्रायसूट, पाण्याचा थेंब आत न येऊ देणारा. सूटची चेन पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ती दुसऱ्यानं लावायची आणि शेवटपर्यंत हाताचं बोट फिरवून बघायची. मग उकिडवं बसून, गळ्याच्या रबरी पट्टीत बोट घालून आतली हवा फुस्सकन काढून टाकायची. आणि या सगळ्यावर लाइफ जॅकेट, पट्टे आवळून.

आयलिफ गुणी माणूस, पण जिभेला हाड नाही. "मास्तरीणबाई, सूटमध्ये हवाच हवा आहे. मी बुडतोय कशाला? वर हे गाठोडं बांधून वल्हं कसं मारायचं माणसानं?"

हेर्दिसनं वाद घातला नाही. "बरं. जॅकेट काढ, हवा काढू नकोस आणि इथंच उडी मार," एवढंच म्हणाली.

त्यानं मारली. क्षणभर छान तरंगला, हातही हलवला. मग आतली हवा सरसर पायांकडे धावली, पाय फुगले, वर आले आणि डोकं गेलं खाली! चिखल उपसणाऱ्या बदकासारखा तो उलटा झाला. हेर्दिसनं त्याला दोन गटांगळ्या खाऊ दिल्या, मग घोट्याला धरून ओढून घेतला. तो ठसकत वर आला तेव्हा तिनं जॅकेट त्याच्या हातात दिलं. "सूट तुला गारठू देत नाही. तोंड पाण्याबाहेर ठेवणं हे त्याचं काम नव्हे. ते याचं."

योरुनला खदखदून हसू आलं. मग आपण अबोला धरलाय हे आठवून तिनं ते गिळलं.

तिघं निघाली. सकाळ कशी, अगदी काचेसारखी! दूरच्या डोंगरांच्या माथ्यावर बर्फ, पायथ्याला करडं धुकं आणि मधे हे हिरवंकाळं पाणी, ज्यात उघडा हात बुडवला तर हाडापर्यंत कळ जावी. सूटच्या आत मात्र लोकर उबदार होती आणि जॅकेट छातीला घट्ट बिलगलं होतं. पुढे हेर्दिस, मागे आयलिफ, मधे योरुन. म्हातारीचं वल्हं पाण्यात शिरताना आवाजसुद्धा करत नव्हतं. या वयात हिचं मनगट असं चालतं आणि आपण गुडघे दुखतात म्हणून रडतो, असं योरुनच्या मनात आलं.

अर्ध्या वाटेवर एका खडकावर ती कॉफीला थांबली. चपट्या भाकरीवर तपकिरी चीजचे काप ठेवून खाल्ले. योरुनला खडकाआड जाणं भाग होतं, आणि त्या जुन्या सूटमध्ये एवढ्याशा कामासाठीही सगळं खांद्यावरून सोलून उतरवावं लागे. परत चढवताना तिनं चेनला दोरी बांधली आणि स्वतःच ओढली. मधे चेन थोडी अडली, मग सरकली, पुन्हा थांबली. झालं, असं म्हणून तिनं वरून जॅकेट चढवलं, पट्टे आवळले.

तिला येताना बघून आयलिफ उठला. सकाळपासून त्यानं तिला उद्देशून पहिल्यांदाच तोंड उघडलं. "थांब. जॅकेट काढ, चेन बघतो."

"तू बोटी विकायचं बघ," योरुन म्हणाली.

तो परत खाली बसला. हेर्दिस खडकाच्या टोकाशी उभी राहून पुढचं पाणी न्याहाळत होती. परत येऊन तिनं विचारलं, एकमेकांच्या चेना बघितल्यात ना? योरुननं होय म्हणून मान डोलावली. आयलिफनं बहिणीकडे पाहिलं, पण चुगली केली नाही. त्या एका गोष्टीचा त्याला पुढे फार पश्चात्ताप झाला.

शेवटचा टप्पा वाईट होता. बेटाच्या अलीकडे दोन खडकांमधून पाण्याची चिंचोळी वाट जाते. ओहोटीचं पाणी तिथून समुद्राकडे धावत होतं आणि वारा नेमका त्याच्या तोंडावर. पाणी आणि वारा असे समोरासमोर भिडले की लाटांना ताळतंत्र राहत नाही. हेर्दिसनं ओरडून सांगितलं, जवळ जवळ राहा, वल्हं थांबवू नका.

पहिली लाट योरुननं पेलली. दुसरी आडवी आली. तिसरी आली कुठून हे कळलंच नाही!

ती उलटली. कानांत घोंघाट. नाकात पाणी. पोत्यांनी जड झालेली कयाक सुलटी होईना. तिनं पाय सोडवले, स्वतःला बाहेर लोटलं. जॅकेटनं तिला काखेत धरून उचलावं तसं वर आणलं. तिनं श्वास घेतला आणि त्याच क्षणी खांद्यामागून थंडगार धार आत शिरली. चेन! चेन उघडी आहे!

पाणी कंबरेत उतरलं. मांड्यांत उतरलं. पाय शिशाचे झाले. ओरडायला तोंड उघडलं तर छाती आवळून बसलेली, आवाजच फुटेना. सूट आता कपडा राहिला नव्हता, नुसती भरलेली पखाल झाला होता. पण हनुवटी पाण्याबाहेर होती. लाट यायची, तोंडावर फुटायची, जायची, आणि हनुवटी परत बाहेर! त्या जॅकेटनं तिला सोडलं नाही.

आयलिफ पोहोचला. जॅकेटच्या खांद्याचे पट्टे धरून तिला आपल्या कयाकवर ओढायला गेला. उचलेना. पुन्हा जोर केला, तेव्हा त्याचीच कयाक कलली. त्याची पाचावर धारण बसली. "हेर्दिस, ही जड झालीय! हिच्या सूटमध्ये पाणी गेलंय!"

हेर्दिसनं तोवर योरुनची वाहत चाललेली कयाक धरली होती. तिच्यात शेवाळाची एक तृतीयांश पोती होती आणि योरुनचे सगळे कोरडे कपडे. हेर्दिसनं एकदा योरुनकडे पाहिलं, एकदा कयाककडे आणि हात सोडून दिला. "जाऊ दे ती. उचलू नकोस तिला, पाण्यातच राहू दे. योरुन, त्याच्या कयाकच्या टोकाला मिठी मार. पायही वर घे. आयलिफ, माझा दोर घे."

मग दोघांनी ओढलं. आयलिफच्या कयाकच्या टोकाला योरुन लोंबकळलेली, आणि त्या दोघांना पुढून दोरानं खेचणारी हेर्दिस. वल्हं, वल्हं, वल्हं! योरुनची बोटं बधिर झाली, मिठी सुटायला लागली. आयलिफचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता आणि तो अखंड बोलत होता. काय वाटेल ते बोलत होता. बोट विकली ते चुकलं, विचारायला हवं होतं, लाज वाटली म्हणून फोन केला नाही, आता सोडलंस तर याद राख. तिला उत्तर देता येत नव्हतं, पण ती ऐकत होती. आणि ऐकायचं असेल तर धरून राहणं भाग होतं.

उथळ पाण्यात आल्यावरही तिला उभं राहता येईना, पायांत पाणीच एवढं. हेर्दिसनं तिला उतारावर पालथी केली, पाय वरच्या बाजूला, डोकं खाली. जॅकेट काढलं, चेन उघडली. भडाभडा पाणी वाहिलं. चेनच्या दातांत शेवाळाची एक काडी अडकून बसली होती आणि तिच्यापुढं चार बोटं चेन लागलीच नव्हती. हेर्दिसनं ती काडी बघितली आणि फेकून दिली.

बेटावर एक खोपट होतं. चूल नव्हती, कारण धुरानं बदकं बिथरतात. फटींतून वारा शीळ घालत होता. हेर्दिसनं वायरलेसवर कळवलं, पण बचावबोट यायला बराच वेळ लागणार होता. ओले कपडे उतरवले, आयलिफचे कोरडे चढवले, झोपायच्या पिशवीत योरुनला घातलं. तिचे ओठ निळे, दात कडकडा वाजताहेत. तो हातपाय चोळायला गेला तर हेर्दिसनं दटावलं, चोळायचं नाही, नुसती ऊब द्यायची. पण खालची जमीन बर्फासारखी, ऊब टिकणार कशी?

आयलिफ बाहेर गेला आणि पोती घेऊन आला. चाकूनं पहिलं पोतं फाडलं. शेवाळ तिच्याखाली पसरलं. दुसरं फाडलं, तिच्या कुशीला लावलं. मग तिसरं.

योरुननं थरथरत मान उचलली. "नको. ते... बदकांचं आहे."

"बदकं दुसरीकडे जातील," आयलिफ म्हणाला आणि चौथं पोतं फाडलं. "मला दुसरीकडे कुठं बहीण आहे?"

योरुनच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला हात पिशवीबाहेर निघेना. शेवाळाचा खारट, कोरडा वास नाकात भरला होता. हळूहळू थरथर कमी झाली. थर्मासमधल्या गोड कॉफीचा पेला तिनं स्वतःच्या हातात धरला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं की पोती फाडायची कशाला, गाढवा, शिवण उसवता येते! हेर्दिसनं वायरलेस उचलला. बाई शिव्या देतेय, म्हणजे धोका टळला, घाई करू नका, असं तिनं कळवलं.

दुसऱ्या दिवशी बचावबोट आली, योरुनला तपासून गेली. डॉक्टरकडे चल म्हणाले तर ती जागची हलली नाही. तिला काम करू द्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. खोपटाच्या दारात घोंगडी पांघरून बसून ती हुकूम सोडत होती आणि आयलिफ न् हेर्दिस पोटावर सरपटत घरं झाडत होती. एक कयाकभर शेवाळ समुद्रानं नेलेलं, बरंचसं तिच्याखाली ओलं होऊन वाया गेलेलं. उरलेलं निम्म्या घरांनाही पुरलं नाही. शेवटच्या पुरलेल्या घराशी योरुननं हात वर केला. पातळ पातळ पसरून सगळी घरं ओली ठेवण्यापेक्षा थोडी नीट झालेली बरी, बाकीची यंदा रिकामी. वडिलांच्या वेळेपासून एक घर रिकामं राहिलं नव्हतं.

आयलिफ तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं अंगातला स्वेटर काढला, बायकोनं विणलेला, आणि पुढच्या घरात सरपटत शिरून तो अंथरला. योरुन म्हणाली, वेडा आहेस, बदक असल्या चिंधीवर बसत नाही. तो म्हणाला, न बसू दे.

चार दिवसांनी कॉडवरून परतलेल्या पहिल्या बोटीनं त्यांना उचललं. चढण्याआधी हेर्दिसनं तिघांच्या जॅकेटांचे पट्टे स्वतः ओढून पाहिले, मासेमारांच्या मोठ्या बोटीवरसुद्धा. कुणी हसलं नाही.

मे महिन्यात योरुननं आयलिफला शहरातून बोलावून घेतलं. शेजाऱ्याची बोट त्यांना तेर्नहोल्मवर सोडून लांब जाऊन थांबली. बदकं परक्या माणसाला बुजतात, म्हणून आयलिफ खोपटापाशीच उभा राहिला आणि ती एकटी घरं बघून आली. झालेल्या घरांपैकी एकही रिकामं नव्हतं. न झालेली रिकामीच होती. एक सोडून.

तिनं त्याला खुणेनं बोलावलं. हळू चाल, हात हलवू नकोस, बोलू नकोस, असं बजावत ती त्याला त्या घरापाशी घेऊन गेली आणि दोघं गुडघ्यांवर बसली. आत अंधारात तपकिरी मादी स्वेटरवर ठाण मांडून बसली होती. बाहीच्या कडेला मऊ करडी पिसं जमली होती. मादीनं आयलिफला पाहिलं, मान ताठ केली, उठायच्या बेतात आली. आयलिफनं श्वास रोखला.

योरुननं हलकेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि वडील बोलायचे त्याच खालच्या आवाजात मादीला म्हणाली, "बस गं. हा आयलिफ. माझा भाऊ. आता येत जाईल."