दोघंही डावखुरे

१९६८ साल. नकाशे काढणाऱ्या कचेरीत मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. वडील निवृत्त झालेले, त्यामुळे कायम होणं भागच होतं. पहिल्याच दिवशी टेबलावरचा दिवा मी उजवीकडे ओढला, तर मागून जाणारे आमचे पर्यवेक्षक थबकले.

"डावखुऱ्या?"

मी मान हलवली. त्यांनी शाईने काळी झालेली आपल्या डाव्या तळहाताची कड दाखवली... आणि हसले.

ओली शाई फिसकटू नये म्हणून आम्ही दोघंही उजव्या कडेपासून सुरुवात करायचो. इतरांची कामं दोनदा परत जायची, माझं एकदाही गेलं नाही. एकाच माळेचे मणी, अशी कुजबुज झाली. खोटं कशाला बोलू — मला ती गोडच वाटायची.

पाचव्या महिन्यात डाव्या कडेचा एक पूल काढायचाच मी विसरले. त्यांनीही तपासून सही केली. छपाईआधी ती चूक शेजारच्या विभागप्रमुख बाईंना दिसली. त्यांना सगळे तोफ म्हणत.

"दोघंही उजवीकडून निघता, डावीकडे पोचेस्तोवर डोळे दमलेले," त्या पर्यवेक्षकांना म्हणाल्या. "हिचं काम तुम्ही तपासणं म्हणजे हिनेच तपासणं."

मला कायम करण्याची शिफारस पर्यवेक्षकांनी लिहून ठेवली होती. मी ती मागे घ्यायला लावली आणि तोफेच्या हाताखाली बदली मागितली.

"माझा राग आला?"

"नाही. पण तुमच्या सहीवर कायम झाले, तर माझं काम चांगलं होतं की नुसतं तुमच्यासारखं, हे मला जन्मात कळायचं नाही."

"आणि बाईंनी काढूनच टाकलं तर?"

"तर कळेल."

तोफेने माझे सात नकाशे परत पाठवले. आठवा ठेवून घेतला. कायम झाल्याचं पत्र मिळालं त्या संध्याकाळी ते फाटकाशी उभे होते.

"आता तुम्ही माझ्या हाताखाली नाही... म्हणून विचारतो —" आणि ते फाटकाची कडी चाळवत राहिले. "तुम्हीच विचारा बुवा. मला जमत नाही."

"विचारायला मलाही जमत नाही," मी म्हणाले. "हो म्हणायला जमतं."

लग्नाला साक्षीदार म्हणून तोफेने सही केली, तीही कागद दोनदा वाचून. पुढे त्या कचेरीच्या प्रमुख झाल्या. मी बत्तीस वर्षं नोकरी केली, पण माझा एकही नकाशा पुन्हा ह्यांच्या टेबलावर जाऊ दिला नाही. हे जाऊन आता चार वर्षं झाली. मुलगी उजव्या हाताची निघाली. घरात काही सापडेनासं झालं, की आम्ही दोघं निमूट बाजूला बसायचो आणि तिला हाक मारायचो.