उजवीकडचं खाली

संगणकावर चार रकाने. मोबाइलवर एक.

खिडकीत एक कुंडी.

"चिमणे, उघड की!"

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझी मामेबहीण थापा मारणाऱ्यातली नाही. आणि हे घडलं तेव्हा रात्रही नव्हती. शनिवारची भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरची, कामासाठी घेतलेली भाड्याची खोली.

वेबसाइटची पानं बनवणं हा तिचा धंदा. एकच पान मोठ्या स्क्रीनवर नीट दिसलं पाहिजे आणि मोबाइलवरही. जागा कमी पडली की उजवीकडचं डावीकडच्याच्या खाली गेलं पाहिजे. तसे नियम ती लिहून ठेवते.

त्या दिवशी ती एकटीच होती. तिचा थोरला भाऊ तिला न्यायला येणार होता. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांचा फोन. त्यांच्या दवाखान्याचं पान तिनंच बनवलं होतं.

"अहो, मोबाइलवर माझा फोटो अर्धाच दिसतोय! पेशंट घाबरतील."

"आणि पूर्ण दिसला तर?"

डॉक्टर खो खो हसले. तिनं मात्र घाईत आळस केला. फोटो नीट बसवायचं सोडून नवा नियम लिहिला: मावत नाही ते लपव.

मग पान मोबाइलएवढं अरुंद करून बघायला तिनं माउसनं त्याची उजवी कड आत ओढली.

फोटो गेला. झकास.

मागे काहीतरी करकरलं…

तिनं आणखी ओढलं. कोपर भिंतीला लागलं.

भिंत एवढी जवळ नव्हती.

खोलीत अंधारून आलं. आभाळ भरलं असेल म्हणून तिनं मान वळवली…

खिडकी नव्हती. नुसती भिंत.

ती ताडकन उठली. उजवीकडे दाराची कडी धरायला हात टाकला.

दारही नव्हतं.

आणि मग… ठक. ठक.

पायाखालून.

"चिमणे, उघड की! किती वेळ ताटकळत ठेवशील?"

तिला चिमणी म्हणणारा एकच माणूस.

"दादा! अरे, दार कुठाय?"

"कुठाय म्हणजे? माझ्यासमोर!"

आवाज फरशीखालून येत होता. मावलं नाही ते लपलं होतं, उजवीकडचं खाली गेलं होतं. नियम तिचेच.

तिनं माउस पकडला. कड बाहेर ओढायची, तर हात उजवीकडे सरकायला हवा. हाताला जागाच नव्हती. भिंत खांद्याला टेकली होती. श्वास घेतला की छातीलाही लागत होती…

कोपरं पोटाशी घट्ट धरून ती कीबोर्डवर वाकली. चाचपडत दोन्ही नियम पुसले.

पान पसरलं. चार रकाने.

खांदा मोकळा झाला. उजवीकडे दार. दारात दादा, हातात हेल्मेट.

"काय गं, तोंडचं पाणी का पळालंय?"

"किती वेळ ठोकत होतास…"

"मी? आत्ता जिना चढून येतोय. दार उघडंच होतं की."

ती काही बोलणार, तेवढ्यात…

ठक. ठक.

"चिमणे, उघड की!"

दादाचाच आवाज. फरशीखालून. समोरच्या दादाचे ओठ मिटलेले.

दोघंही पळाले, ती तर चपला न घालताच.

आता ती घरीच काम करते, दाराकडे तोंड करून. पायाखाली खुट्ट झालं तरी पाय वर घेते. सामान आणायला दादा दोन मित्रांना घेऊन गेला, तर खिडकीच्या जागी अजून भिंतच. घरमालक म्हणाला, "खिडकी? या खोलीला ती कधी नव्हतीच हो."

त्या शनिवारी सकाळी तिनं खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं होतं.